बाजेपाशी बसणाऱ्याची मजुरी कोणत्या रकान्यात?



मागच्या हंगामात आमच्या तालुक्यात उत्पादन खर्चाचे तक्ते भरून घ्यायचे काम चालले होते. एका गावी मारुतीच्या ओट्यावर बसून आम्ही एकेकाचा हिशेब मांडत होतो. नांगरटी, बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, अडत, हमाली. असे करत करत ‘घरच्या माणसांची मजुरी’ हा रकाना आला. एका कास्तकाराने घरच्या दोघांचे दिवस सांगितले. त्याच्या मागे त्याची म्हातारी होत आलेली वहिनी उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, म्या तं यंदा वावरात पायच नाही टाकला. बुढ्याजवळच होती. वेचणीले बाहेरच्या बाया लावल्या, त्याचे पैसे तुमी मांडले. मंग माहे दिवस कुठी मांडता?”

पोरे हसली. मीही हसलो. तिच्या नावापुढे शून्य लिहिले आणि पुढच्याला हाक मारली.

रात्री घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा मात्र घास उतरेना. कारण तो प्रश्न माझ्याच घरचा होता, आणि मी तो तीन वर्षे टाळला होता.

आमच्या बाबांना २०१६ च्या नोव्हेंबरात लकवा मारला. ऐन वेचणीचे दिवस. त्यात त्याच महिन्यात नोटबंदी झालेली, कापूस विकलेल्या पैशाच्या नोटा पेटीत पडून आणि बाहेर त्यांना कोणी हात लावेना. उसनवार करून शहरातल्या दवाखान्यात नेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकरा दिवसांनी घरी सोडले. हातात एक कागद दिला, त्यावर औषधांची नावे आणि खाली इंग्रजीत ‘फिजिओथेरपी’ एवढा एक शब्द. माणसाला कसे उचलायचे, कोणत्या कुशीवर निजवायचे, घास कसा भरवायचा, हे कोणी सांगितले नाही. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको माझ्या घरधनिणीला म्हणाली, “दर दोन घंट्यानं कूस बदलवजो माय, नाही तं पाठ फुटते.” आम्हाला मिळालेले सगळे शिक्षण एवढेच. ते फुकट मिळाले आणि एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईकडून मिळाले.

बाबा त्यानंतर एकोणचाळीस महिने बाजेवर होते. २०२० च्या फेब्रुवारीत गेले. या एकोणचाळीस महिन्यांत मी आपल्या किती बैठकांना, किती मोर्चांना गेलो, त्याची डायरी माझ्याकडे आहे. मुलांची आई किती वेळा उंबरठ्याबाहेर पडली, ते मोजायला डायरी लागत नाही.

एकदा मात्र ती गेली. २०१८ च्या उन्हाळ्यात तिचा भाऊ आजारी पडला म्हणून आठ दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, “मामाजीचं तुमी करजा. जमन ना?” मी म्हणालो, त्यात काय आहे!

त्यात काय आहे, ते पहिल्याच सकाळी कळले. धुणे-पुसणे आणि कपडे बदलणे यात चाळीस मिनिटे गेली. चहा भरवायला पंचवीस. चहा पातळ असला की बाबांना ठसका लागे, पाठीला उशी लावून बसवून चमच्याने पाजावा लागे, आणि पाजून झाल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. मग वाळलेल्या हातापायाला तेल लावून सांधे हलवायचे, तीस मिनिटे. आंघोळ पन्नास मिनिटे. दुपारचे जेवण चाळीस, रात्रीचे चाळीस. चादरी, धोतरे, गोधडीचे तुकडे धुवायला एक तास. दिवसभरात कूस बदलणे आणि लघवीचे भांडे, ते सगळे मिळून अर्धा तास. रात्री तीनदा उठून कूस बदलायची, पंचेचाळीस मिनिटे. मला आपल्या चळवळीने लावलेली खोड अशी की जे दिसेल त्याचा हिशेब मांडायचा. मी वहीत मांडला. बेरीज बरोबर सहा तास आली. नुसते जवळ बसणे, माशा वारणे, हाक मारली तर ‘ओ’ देणे, हे त्यात धरलेले नाही.

आणि एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. बाबांना पहिल्यांदा धुतले तेव्हा त्यांनी डावा हात डोळ्यांवर ठेवला. दीड वर्ष सून हे करत होती, तेव्हाही ते असेच डोळे झाकत असतील. मुलगा घरात धडधाकट असताना सुनेच्या हातून अंग धुऊन घ्यायची पाळी त्या माणसावर आम्ही आणली होती. ते मला तोवर सुचले नव्हते, असे मी म्हणणार नाही. सुचले होते. पण ती करते आहे म्हणून बरे चालले आहे, असे मनाशी म्हणत मी एसटी धरत होतो.

सहाव्या रात्री दिवसभराच्या शीणाने मला झोप लागली ती थेट उजाडल्यावर उघडली. सातव्या रात्रीही तेच. आठव्या दिवशी मुलांची आई परत आली, तिने बाबांना कुशीवर वळवले आणि माकडहाडापाशी रुपयाएवढी कातडी काळी पडलेली मला दाखवली. ती काही बोलली नाही. ती जखम भरायला तीन महिने लागले. ड्रेसिंगला पैसे किती गेले ते वहीत आहे. बाबांना किती दुखले ते वहीत नाही, त्यांची वाचा गेलेली होती.

आता त्या सहा तासांचे दाम काढू. मी फार मोठा दर लावत नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. सहा तासांचे २३४. महिन्याचे ७०२०. एकोणचाळीस महिन्यांचे २ लाख ७३ हजार ७८० रुपये. त्याच हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० होता, त्या भावाने हा जवळजवळ चौतीस क्विंटल कापूस झाला. आमच्या चार एकर कोरडवाहू पऱ्हाटीला एवढा कापूस द्यायला दोन हंगाम लागतात, तेही पाऊस पाण्यावर आला आणि बोंडअळीने सोडले तर. म्हणजे माझ्या घरातून दोन हंगामांचा कापूस एका बाईने बाजेपाशी बसून पिकवला, आणि मी तो शून्य धरला.

दिल्लीचा कृषिमूल्य आयोग खर्च काढताना निदान घरच्या माणसांनी वावरात केलेल्या श्रमाची किंमत धरतो. ती कमी धरतो, आपले भांडण तेवढ्यापुरते आहे. पण वावराच्या बांधापाशी त्याचा हिशेब थांबतो. बांध ओलांडून घरात शिरले की श्रम संपले आणि माया सुरू झाली, असा त्याचा समज आहे. देशाच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली माणसांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. तिच्यात घरकाम करणाऱ्यांत बायांची दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे त्यात जातात असे निघाले. घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बायांची १३४ मिनिटे, पुरुषांची ७६. म्हणजे सरकारने मोजले आहे, त्याला ठाऊक नाही असे नव्हे. मोजून कपाटात ठेवले आहे.

काही जण म्हणतील, ही घरोघरची रड आहे, चळवळीच्या पत्रकात कशाला? तर त्यांनी आपल्या गावात एक फेरी मारावी. पूर्वी माणूस पडला की आठवड्यात जाई. आता दवाखाने माणूस वाचवतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण वाचलेला माणूस परत येतो तो आपल्या ओसरीवर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तर त्या भागात सर्वांत जास्त माणसे लकव्याच्या झटक्याने जातात असे दिसले, शंभरात सुमारे चौदा. लकवा हा शहरातल्या श्रीमंताचा रोग हे खोटे आहे. ब्लडप्रेशर आपल्यालाही असते, फक्त मोजलेले नसते. (जाता जाता सांगतो: तोंड एका बाजूला ओढले, हात उचलेना, शब्द अडखळला, की देवऋषी आणि मालिश यांत वेळ घालवू नका. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूचा फोटो काढायची सोय जिथे आहे तिथेच गाडी न्या. आम्ही आधी दोन ठिकाणी थांबलो आणि वेळ निघून गेली.)

लकव्याखेरीज फवारणीची विषबाधा आहे. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसे फवारणीत गेली. मेलेल्यांच्या घरी दोन लाखांची मदत जाहीर झाली, चौकशी समिती झाली, पेपरांत फोटो आले. जे वाचून घरी आले, डोळ्यांनी अधू झाले, अंगाने खचले, त्यांच्या बायका त्यांचे कसे करतात, हे विचारायला कोणाची गाडी आलेली मी पाहिली नाही. शिवाय विहिरीत पडून, थ्रेशरमध्ये सापडून अधू झालेले. शिवाय म्हातारपण, ज्याची पोरे पुण्याला कंपनीत लागली आहेत.

मग सरकारी योजना काय करतात? योजना पुष्कळ आहेत. दवाखान्यातल्या खाटेला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आता ती सगळ्यांना लागू केली आहे. पण दवाखान्याच्या फाटकातून माणूस बाहेर पडला की ती योजना लवकरच हात झटकते. घरच्या बाजेला योजना नाही. गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना आहे. तीत हात किंवा पाय तुटला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख. पण तुटलेला पाहिजे अपघाताने. लकव्याने गेलेला हात हा त्यांच्या लेखी गेलेला हात नाही.

राहिली निराधारची आणि श्रावणबाळची योजना. २०२३ पासून महिना १५०० रुपये. दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० केले. आता २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ होता, त्या हिशेबाने १५०० म्हणजे चाळीस किलो ज्वारी. आजारी माणसाने महिनाभर त्या ज्वारीत जगायचे, औषध घ्यायचे, आणि त्याचे करणाऱ्याने हवा खायची. त्यासाठीही कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला पाहिजे. २१ हजार म्हणजे हमीभावाने अडीच क्विंटल कापूस! खर्च वजा जाता आपल्यातल्या निम्म्यांचे उत्पन्न शून्याखाली भरेल, पण तसा दाखला कोणी देत नाही. मग २० हजार ९०० चा दाखला काढायला लोक चकरा मारतात, आणि एका खोट्या कागदाच्या आधारावर खऱ्या म्हाताऱ्याचे पोट चालते.

योजनेचे नावही पाहा. श्रावणबाळ. आईबापांना कावडीत घालून पोराने खांद्यावर नेले, अशी ती गोष्ट. आपल्या घरांत कावड श्रावणाच्या बायकोच्या खांद्यावर असते आणि श्रावण बैठकीला गेलेला असतो.

दिव्यांगाचा दाखला काढायला बाबांना गादीवर घालून जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी नेले होते. चार वाजेपर्यंत व्हरांड्यात निजवून ठेवले. मग सांगितले, आज तपासणारे साहेब नाहीत, पुढच्या बुधवारी आणा. जो माणूस उठू शकत नाही म्हणून दाखला पाहिजे, त्याने दाखल्यासाठी दोनदा उठून यायचे. यातून अक्कल निघत नाही तोवर योजनेचे पैसे दुप्पट केले तरी ते जीपवाल्याच्या खिशात जातील.

आता जे कायद्यात आहे ते ऐका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली संसदेने केला. त्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता देणाऱ्या योजना सरकारांनी कराव्यात. शब्द आहे तिथे. त्याच्यापुढे ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवली आहे, आणि सगळी गाडी त्या पळवाटेने जाते. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा केंद्राचा कार्यक्रम आहे, त्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जावे असे आहे. २०१२ पासून दुखणे हलके करण्याच्या सेवेचाही कार्यक्रम आहे. एकोणचाळीस महिन्यांत आमच्या उंबऱ्याला या कार्यक्रमाचे पाऊल लागले नाही. नर्सबाई लहान पोरांना लस द्यायला गल्लीत येत, त्या दोनदा आपणहून आत डोकावल्या, तो त्यांचा चांगुलपणा.

केरळात हे काम झालेले आहे, म्हणून ते स्वप्न नव्हे. कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी मित्रांसह असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी संस्था काढली. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की सर्वांत जास्त गरज असलेला रोगी दवाखान्यात येऊच शकत नाही. तेव्हा मलप्पुरम जिल्ह्यात गावागावांतल्या लोकांनाच शिकवून तयार केले. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, घरच्या बाया. आठवड्याला दोन तास द्यायचे, रोग्याच्या घरी जायचे, काय लागते ते पाहायचे, नर्सला कळवायचे. वर्गणी गावातूनच, रुपया-दोन रुपयांपासून. ते चालले म्हणून २००८ साली तिथल्या सरकारने धोरण केले आणि काम पंचायतींकडे दिले. पंचायत नर्स नेमते, गाडी भाड्याने घेते, नर्स ठरलेल्या दिवशी घरी येते, जखम पाहते, लघवीची नळी बदलते, घरच्याला शिकवते. देखभाल करणाऱ्यासाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजनाही त्यांनी केली, महिना ६०० रुपये ठरवले. हे पैसे महिनोन् महिने थकतात अशी तिथेही ओरड आहे, आणि सहाशे रुपयांत काय होते ते आपण जाणतो. म्हणून केरळचे मला भत्त्यापेक्षा त्या नर्सचे आणि त्या दोन तासांचे मोल जास्त वाटते.

आपल्याकडे असे होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी पुन्हा गडचिरोलीकडे पाहावे. १९९३ ते ९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासत, ऊब देत, इंजेक्शनसुद्धा देत. मोठमोठ्या डॉक्टरांनी नाके मुरडली होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले निघाले. तीच पद्धत २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत चालू झाली. बाळाला पाहायला घरी जाता येते, तर म्हाताऱ्याला पाहायला का जाता येऊ नये? मात्र हे ओझे आणखी एक फुकटचे काम म्हणून आशाताईच्याच डोक्यावर टाकायला माझा विरोध आहे. एका बाईची वेठ सोडवायला दुसऱ्या बाईला वेठीला धरायचे, ही सरकारची आवडती युक्ती आहे.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे येतो. परवा एका जुन्या कार्यकर्त्याने मला विचारले, “भाऊ, आपण ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत आयुष्य काढले. आता भत्ता मागायचा? ही भीक नाही तर काय?” प्रश्न रास्त आहे. मलाही नव्या योजनेचे नाव काढले की नव्या खिडकीवरची नवी रांग दिसते. पण वरचा सहा तासांचा हिशेब पुन्हा वाचा. त्यात घाम कमी आहे का? जी मजुरी दवाखान्यात आयाबाई आणि वॉर्डबॉय यांना पगार देऊन करून घ्यावी लागते, तीच घरी फुकट होते म्हणून सरकारी दवाखान्याची खाट रिकामी होते. कापूस स्वस्तात नेऊन गिरणीला पोसणे आणि घरच्या बाईचे श्रम फुकट धरून आरोग्य खात्याचे अंदाजपत्रक पोसणे, यात मला तरी फरक दिसत नाही. वावरात आपण लुटलो जातो हे आपल्याला चटकन कळले. घरात आपणच लुटणाऱ्याच्या बाजूला बसलो आहोत, म्हणून कळायला उशीर झाला.

दुसरा आक्षेप, सेवेचे पैसे केले की माया आटते. हा आक्षेप मी फक्त पुरुषांच्या तोंडून ऐकला आहे. इंग्लंडातसुद्धा हेच झाले होते. तिथे १९७६ पासून आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याला भत्ता मिळू लागला, पण लग्न झालेल्या बाईला नाही. कारण काय, तर ती तशीही घरीच असते! जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने अधू आईसाठी नोकरी सोडली होती, ती भांडत थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चांदवडला आपल्या शेतकरी बायांचे अधिवेशन भरले होते. पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी गावांत सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव चढले. जमीन देताना माया आटली नाही. जर्मनीत १९९५ पासून देखभालीचा विमाच आहे, त्यातून घरी करणाऱ्याला देण्यासाठी रोख मिळते, तिथेही मुले आईबापांना टाकून पळाली असे ऐकिवात नाही.

माझ्या मते पैशाआधी तीन-चार गोष्टी जास्त निकडीच्या आहेत आणि त्यांना मुंबईची वाट पाहायची गरज नाही. दवाखान्यातून सोडताना घरच्या माणसाला, आणि त्यात एका पुरुषाला, अर्धा दिवस बसवून शिकवल्याशिवाय सुटीचा कागद देऊ नये. उचलणे, कूस, भरवणे, व्यायाम. लेखी मराठीत. उपकेंद्राच्या नर्सने गावातल्या अंथरुणावरच्या माणसांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा घरी यावे, ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. दिव्यांगाची तपासणी बाजेपाशी येऊन व्हावी, मतपेटी म्हाताऱ्याच्या घरी नेता येते तर शिक्का का नेता येत नाही? आणि सामान. हवेची गादी, संडासची खुर्ची, वॉकर, हे प्रत्येक घराने विकत घ्यायचे आणि माणूस गेल्यावर माळ्यावर टाकायचे, यासारखी उधळपट्टी नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो निधी मार्चअखेर कसातरी वाटून मोकळे होतात. त्यातून हे सामान घेऊन गावात फिरते ठेवता येईल. ग्रामसभेत विचारा, किती रक्कम जमली आणि कशाला गेली. विचारणारा उभा राहिला की उत्तर द्यावेच लागते, हे आपण पाहिले आहे.

आणि एक आपले आपण करण्याचे. पेरणीला ज्याचा बैल बसला त्याचे वावर पडीक राहू देत नाही, सावडीने पेरून देतो. तशी सावड बाजेपाशी का नको? आठवड्यातून एक दुपार शेजारच्याने बसावे, म्हणजे त्या बाईला वावरात, बाजारात, माहेरी, नाहीतर नुसते कडुलिंबाखाली पाय पसरून बसायला मिळेल. पुरुष रोग्यापाशी पुरुषानेच बसावे. पहिल्या दिवशी हात कापतो. चौथ्या दिवशी नाही कापत, हे अनुभवाने सांगतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, आपल्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात घरच्या मजुरीखाली ‘घरातल्या आजाऱ्याची, म्हाताऱ्याची देखभाल’ असा एक रकाना वाढवायचा आणि यंदापासून भरून घ्यायचा. आयोग तो मानणार नाही, न मानू दे. कापसाचा खरा खर्च तरी त्याने पहिल्या दिवशी कुठे मानला होता? दुसरा, कलम २४ प्रमाणे देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याची मागणी करायची, आणि ती रक्कम करणाऱ्याच्या खात्यावर, उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय. किती मागायचे यावर वाद होईल. माझा आकडा महिना ७०२० आहे, तो कसा आला ते वर लिहिले आहे. ज्याचा हिशेब वेगळा येईल त्याने वही घेऊन यावे. त्यासाठी बैठकीला येण्याआधी घरी आठ दिवस घड्याळ लावून मोजावे लागेल, आणि मोजताना स्वतः करावे लागेल.

बैठकीला घरच्या बायांना घेऊन या असे आपण दरवेळी छापतो. या वेळी ज्यांच्या घरी कोणी अंथरुणावर आहे त्यांनी बाईला पाठवावे आणि स्वतः घरी थांबावे. हजेरीत त्यांचे नाव लागेल.

आमच्याकडची हवेची गादी आणि संडासची खुर्ची बाबा गेल्यापासून चार घरी जाऊन आली. सध्या खुर्ची शेजारच्या गावात आहे, गादी मोकळी आहे. पंप चालू आहे, एका ठिकाणी ठिगळ लावले आहे. ज्यांना लागेल त्यांनी तालुका कार्यालयात चिठ्ठी ठेवावी. भाडे नाही. परत करताना साबणाने धुऊन, उन्हात वाळवून द्यावी.